अपग्रेड झाले, आवाज गेला : ड्रायव्हरची जबाबदारी नेमकी कुणाची?

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. तेव्हापासून घरातल्या, दुकानातल्या, शाळा-वाचनालयातल्या जुन्या संगणकांपुढे एकच प्रश्न आहे. विंडोज ११ वर जायचे, की आहे तिथेच राहायचे? जे गेले त्यांच्यापैकी काहींना पहिल्याच दिवशी वेगळीच अडचण भेटते. स्क्रीन नवी, बटणे नवी, सगळे चकचकीत. पण आवाज नाही. स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली, नाहीतर चिन्ह ठीक आणि स्पीकर गप्प.

मग फेऱ्या सुरू होतात. दुकानदार म्हणतो, "ड्रायव्हरचं काम आहे, ठेवून जा." लॅपटॉप कंपनीचा माणूस फोनवर सांगतो की हे मॉडेल विंडोज १० साठी विकले होते. विंडोजच्या मदत पानावर लिहिलेले असते की उपकरण बनवणाऱ्याशी संपर्क साधा. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवले जाणे सीमाभागातल्या माणसाला नवे नाही. इथे फक्त कचेऱ्या तीन आहेत आणि त्यातल्या दोन परदेशात.

आवाज जाणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट. पण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत संगणकाचा आवाज बऱ्याच कामांना लागतो. शाळेत मराठी विषय नसलेल्या मुलांचा ऑनलाइन वर्ग, पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे चाललेली गाण्याची शिकवणी, मंडळाची ऑनलाइन बैठक, टंकलेखन न येणाऱ्या ज्येष्ठांनी बोलून लिहिलेला मराठी मजकूर, हे सगळे माइक आणि स्पीकरवर चालते. म्हणून हा बिघाड का होतो, घरच्या घरी कितपत सुटतो आणि सुटला नाही तर दाद कुठे मागायची, हे समजून घ्यायला हवे.

ड्रायव्हर म्हणजे अर्ज लिहून देणारा

तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा माणूस असतो. अर्जदाराची भाषा त्याला येते आणि कचेरीची भाषाही येते. संगणकातला ड्रायव्हर हेच काम करतो. एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला आवाजाची चिप. दोघांची भाषा वेगळी, आणि मधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. विंडोज बदलते तेव्हा कचेरीचा नमुना अर्ज बदलल्यासारखे होते. दुभाष्याला नवा नमुना माहीत असेल तर काम सुरळीत चालते. नसेल तर अर्जदारही तोच, कचेरीही तीच, पण काम अडते. चिप बिघडलेली नसते. हे पहिल्यांदा लक्षात घेतले तर विनाकारण मदरबोर्ड किंवा स्पीकर बदलण्याचा खर्च वाचतो.

मग सगळ्यांसाठी एकच ड्रायव्हर का नाही? तसा एक आहे. इंटेलने २००४ मध्ये 'हाय डेफिनिशन ऑडिओ' नावाचे मानक आणले आणि विंडोजमध्ये त्यासाठीचा साधा, सर्वांना चालणारा ड्रायव्हर असतो. त्यावर बहुतेक संगणकांत किमान आवाज तरी येतो. पण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या त्यावर आपापले थर चढवतात. रिअलटेकची एकच चिप दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये असली, तरी कुठली पिन स्पीकरला जोडली आणि कुठली हेडफोनला, हे प्रत्येकाचे वेगळे असते. अलीकडच्या काही लॅपटॉपांत स्पीकरचा ॲम्प्लिफायर ही वेगळी चिप असते आणि तिला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. शिवाय आवाज 'सुधारणारी' सॉफ्टवेअरे असतात. या साखळीतली एक कडी निसटली की सगळा आवाज जाऊ शकतो. म्हणूनच चिपचे नाव शोधून कुठूनतरी उतरवलेला ड्रायव्हर अनेकदा चालत नाही. त्याच मॉडेलचा, लॅपटॉप कंपनीने दिलेला ड्रायव्हर लागतो.

तीन घटना, तीन धडे

हा त्रास फक्त जुन्या, खटारा संगणकांना होतो असे नाही. गेल्या काही वर्षांतली तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण डिरॅकचे. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ रोजी आली. डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने मान्य केले की डिरॅक ऑडिओ हे आवाज सुधारणारे सॉफ्टवेअर असलेल्या काही संगणकांत ही आवृत्ती घेतल्यावर आवाज पूर्ण बंद पडतो. आतले स्पीकर, ब्लूटूथ स्पीकर, हेडसेट, काहीच चालत नाही. अशा संगणकांना ही आवृत्ती देणे कंपनीने थांबवले. ही रोक उठली सप्टेंबर २०२५ मध्ये, नवा ड्रायव्हर आल्यानंतर. म्हणजे सुमारे नऊ महिने. ज्यांनी रोक लागण्याआधीच अपग्रेड केले होते, त्यांच्यापुढे मागे फिरणे किंवा वाट पाहणे एवढेच उरले. चूक आवाज 'सुधारणाऱ्या' भागात होती, तरी गेला तो सगळाच आवाज.

दुसरे उदाहरण जानेवारी २०२५ चे. इथे तर अपग्रेडही नव्हते, महिन्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट होते. १४ जानेवारीच्या अपडेटनंतर जुन्या यूएसबी १.० पद्धतीच्या ऑडिओ ड्रायव्हरवर चालणारे डॅक, म्हणजे संगणकाचा डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारे छोटे डबे, काही ठिकाणी बंद पडले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड १०' दिसायचा आणि यंत्रणेकडे पुरेशी साधने नाहीत असा संदेश यायचा. विंडोज १० आणि ११ दोन्हींना हा फटका बसला. मायक्रोसॉफ्टचा तात्पुरता सल्ला होता की डबा काढून हेडफोन थेट संगणकाला जोडा. दुरुस्ती पुढच्या काही आठवड्यांत आली. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने अशा वेळी डबा मोडीत काढला असता किंवा नवा घेतला असता, तर पैसे वायाच गेले असते.

तिसरे उदाहरण इंटेलच्या 'स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'चे. अकराव्या पिढीचा इंटेल कोअर प्रोसेसर आणि या ड्रायव्हरची ठरावीक आवृत्ती एकत्र आली की विंडोज ११ वर निळी स्क्रीन येऊन संगणक कोलमडे. म्हणून अशा यंत्रांना अपग्रेड रोखले गेले. अडचण होती १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ या दोन आवृत्त्यांत. इथे गंमत अशी की १०.३० हा आकडा १०.२९ पेक्षा मोठा दिसतो, पण तो नवा आहे असे नाही. नवे-जुनेपण शेवटच्या भागावरून, ५१५२ की ५७१४, यावरून ठरते. हे सांगणारी ओळ मायक्रोसॉफ्टला मुद्दाम लिहावी लागली. सामान्य माणसाने हे ओळखावे अशी अपेक्षा करणे म्हणजे सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकावरून शेताची हद्द ओळखायला सांगण्यासारखे आहे.

तिन्ही घटनांत एक गोष्ट समान आहे. वापरणाऱ्याने काही चुकीचे केले नव्हते. विंडोज बनवणारा, चिप किंवा सॉफ्टवेअर बनवणारा आणि लॅपटॉप विकणारा यांच्यात ताळमेळ नव्हता आणि भुर्दंड चौथ्यावर पडला.

जुन्या यंत्रांची वेगळीच पंचाईत

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अटी ठाऊक आहेत. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूटची सोय आणि यादीतला प्रोसेसर. इंटेलच्या बाबतीत ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्या यादीत येतात. २०१६-१७ चे धडधाकट चालणारे संगणक त्यामुळे बाहेर राहतात. बाजारात यावर 'जुगाड' मिळतो. अटी वगळून विंडोज ११ बसवून देणारी दुकाने कोल्हापुरात आहेत, बेळगावात आहेत, इंदूर-वडोदऱ्यातही आहेत. मायक्रोसॉफ्टची भूमिका मात्र स्पष्ट आहे. अशा यंत्रांना पुढची अपडेट्स मिळतीलच याची हमी नाही.

आवाजाच्या दृष्टीने इथे तीन खड्डे आहेत.

एक, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. जुन्या संगणकावर ३२ बिटची विंडोज १० असेल तर थेट अपग्रेड होत नाही. सगळे पुसून नव्याने बसवावे लागते आणि ३२ बिटचे जुने ड्रायव्हर तिथे निरुपयोगी ठरतात.

दोन, विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' ही सुरक्षा सोय आहे. ती चालू असली की तिच्या कसोटीला न उतरणारे काही जुने ड्रायव्हर सुरूच होऊ दिले जात नाहीत.

तीन, जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज अपडेटच्या साठ्यातून जुने ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने काढले जातील. सुरुवात ज्यांची नवी आवृत्ती आली आहे अशांपासून. सुरक्षेसाठी हे योग्य असेलही. पण ज्या मॉडेलच्या कंपनीने नवे काही दिलेलेच नाही, त्याच्या मालकाने जुना ड्रायव्हर आताच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलेला बरा.

त्यातल्या त्यात दिलासा असा की विंडोज १० आणि ११ यांची ड्रायव्हरची चौकट बरीचशी सारखी आहे. कंपनीच्या पानावर 'विंडोज ११' असा पर्याय नसला, तरी विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर बहुतेक वेळा चालतो. 'या मॉडेलला ड्रायव्हरच नाही' असे कुणी सांगितले, तर आधी हे करून पाहावे.

घरच्या घरी : कोणत्या क्रमाने पाहावे

आवाज गेल्यावर थेट ड्रायव्हर उतरवायला धावणे ही सर्वांत जास्त होणारी घाई. साध्या गोष्टींपासून सुरुवात केली तर बरेचदा तिथेच काम होते.

पहिली पायरी, संगणक 'शट डाउन' नव्हे तर 'रीस्टार्ट' करावा. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावरही यंत्रणेचा गाभा जसाच्या तसा जतन होतो आणि पुन्हा तोच उघडतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते.

दुसरी पायरी, आवाज कुठे जातो आहे ते पाहावे. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड या वाटेने गेल्यावर आउटपुटची यादी दिसते. अपग्रेडनंतर तिथे स्पीकरऐवजी एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर निवडला गेलेला असतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतो. आवाज जातोय, पण ऐकणारा नाही. यादीत स्पीकर दिसत असेल तर तो निवडला की काम झाले.

तिसरी पायरी फक्त माइकसाठी. आवाज ऐकू येतो पण समोरच्याला आपला आवाज जात नाही, अशी तक्रार असेल तर सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' भागात मायक्रोफोनची परवानगी चालू आहे का ते बघावे. ती बंद असेल तर ड्रायव्हर कितीही बदलला तरी उपयोग नाही. ब्लूटूथ हेडसेट वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. माइक चालू झाला की अनेक जुने हेडसेट फोन कॉलच्या पद्धतीवर जातात आणि गाणे टेलिफोनवरून ऐकल्यासारखे येते. तो बिघाड नाही, त्या पद्धतीची मर्यादा आहे. गाण्याच्या शिकवणीसाठी वायरचा हेडफोन किंवा वेगळा माइक बरा.

चौथी पायरी, आवाज फाटका किंवा अडखळत येत असेल तर त्याच साउंड पानावर स्पीकरच्या नावावर क्लिक करून 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करून पाहावे. सुधारणा करणारा थरच कधी कधी बिघाड करतो, हे डिरॅकच्या प्रकरणात दिसलेच.

इथपर्यंत काही झाले नाही तर मग डिव्हाइस मॅनेजर. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक केली की यादीत तो सापडतो. 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' या शीर्षकाखाली पिवळे चिन्ह आहे का पाहावे. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण उपकरण सुरू होत नाही. पुढचा इलाज यावर ठरतो.

ड्रायव्हर बसलेला आहे आणि अपडेटनंतर बिघडला असेल, तर त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असते. ते दाबता येत असेल तर आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल तर मागे जायला काही शिल्लक नाही असे समजावे.

ड्रायव्हर नसेलच, तर विंडोज अपडेटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' हा कप्पा असतो. अनेक ड्रायव्हर तिथे पडून असतात आणि आपोआप बसत नाहीत. तिथेही नसेल तर लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला मॉडेल किंवा सिरियल क्रमांक घेऊन थेट त्या कंपनीच्या अधिकृत पानावर जावे.

सगळे थकले तर साध्या ड्रायव्हरकडे वळता येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अपडेट ड्रायव्हर', मग संगणकातच शोधण्याचा पर्याय, मग उपलब्ध यादीतून निवडण्याचा पर्याय, आणि त्या यादीत 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस'. कंपनीचे इक्वलायझर वगैरे जाईल, पण बहुतेक यंत्रांत आवाज तरी येईल. पोरांचा वर्ग उद्या सकाळी असेल तर एवढे पुरते.

आणि एक मुदत, जी अनेकांना सांगितलीच जात नाही. अपग्रेड झाल्यापासून १० दिवसांत 'रिकव्हरी'मधल्या 'गो बॅक' पर्यायाने जुन्या विंडोजवर परतता येते. त्यानंतर जुन्या फायली पुसल्या जातात. 'आज-उद्या बघू' म्हणत आठवडा गेला की परतीची वाट बंद होत आली असे समजावे. मात्र मधल्या काळात 'डिस्क क्लीनअप'ने जागा मोकळी केली तर दहा दिवसांच्या आतही ती वाट जाऊ शकते.

फुकटचा ड्रायव्हर महागात

आवाज गेला की माणूस मोबाइलवर शोध घेतो आणि पहिली दिसते ती जाहिरात. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' असे सांगणारी सॉफ्टवेअरे आधी भरमसाठ दोष दाखवतात, मग पैसे मागतात. काही चुकीचा ड्रायव्हर बसवतात आणि आवाजाबरोबर वायफायही घालवतात. याहून वाईट प्रकार म्हणजे मदत केंद्राच्या नावाने दिलेले खोटे फोन क्रमांक. पलीकडचा माणूस गोड बोलून संगणकाचा ताबा दूरून चालवणारे ॲप उतरवायला लावतो आणि बँकेचे पान उघडायला सांगतो. विंडोजच्या चुकीच्या संदेशात कधीही फोन क्रमांक नसतो. स्क्रीनवर क्रमांक दिसला की ती फसवणूक समजावी. पैसे गेलेच तर राष्ट्रीय सायबर मदतवाहिनी १९३० वर लगेच फोन करावा. हा क्रमांक सगळ्या राज्यांत एकच आहे.

दाद मागायची तर कुठल्या राज्यात?

सीमेवरच्या खरेदीदाराला हा प्रश्न नेहमी पडतो. निपाणीच्या माणसाने लॅपटॉप कोल्हापुरात घेतला, पेडण्याच्या माणसाने सावंतवाडीत, भालकीच्या माणसाने उदगीरला. तक्रार महाराष्ट्रात करायची की आपल्या जिल्ह्यात?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ ने हा गुंता सोडवला आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. दुकान कुठल्या राज्यात आहे याने फरक पडत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. ती ई-जागृती या केंद्र सरकारच्या पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. त्याआधीची सोपी पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी, क्रमांक १९१५. ती १७ भाषांत चालते. मराठी आणि कन्नड, तेलुगू आणि गुजरातीही त्यात आहेत. म्हणजे बेळगावात किंवा हैदराबादेत बसून मराठीत तक्रार सांगता येते.

मात्र तक्रार कशाची, हे नीट ठरवावे लागते. विंडोज अपग्रेड फुकट मिळाले आणि आवाज गेला, तर कंपनीवर दावा टिकवणे अवघड असते, कारण परवान्याच्या अटींत त्यांनी हात वर केलेले असतात. पण दुकानदाराने पैसे घेऊन अपग्रेड करून दिले आणि यंत्र मुके परत दिले, तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. वॉरंटीतल्या लॅपटॉपला कंपनी ड्रायव्हर देत नसेल, तर तोही वेगळा मुद्दा आहे. या सगळ्याला एक कागद लागतो, तो म्हणजे बिल. मागूनही बिल किंवा पावती न देणे हा याच कायद्याने अनुचित व्यापार मानला आहे. 'ओळखीचा आहे, बिल कशाला' हा आपला स्वभाव दुकानदाराच्याच फायद्याचा असतो. पावतीवर 'विंडोज ११ बसवले, आवाज-माइक-वायफाय तपासले' एवढी ओळ लिहून घेतली तरी पुढचे अर्धे भांडण मिटते.

दुरुस्तीच्या हक्कात ड्रायव्हर कुठे?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू झाले. पुढे वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक ठरवण्यासाठी समिती झाली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये विभागाला मिळाला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, अवजारे यांबरोबर सॉफ्टवेअर अपडेट हाही निकष त्यात आहे. ही दिशा बरोबर आहे. फक्त पहिल्या टप्प्याचा भर स्मार्टफोन आणि टॅबलेटवर आहे आणि संगणकाच्या ड्रायव्हरचा प्रश्न त्यात हरवू नये.

कारण दुरुस्तीचा हक्क म्हटले की डोळ्यासमोर स्क्रू, बॅटरी आणि डिस्प्ले येतो. पण आज अनेक यंत्रे स्क्रूमुळे नव्हे, ड्रायव्हरअभावी भंगारात जातात. स्पीकर चांगला, चिप चांगली, बॅटरीही चांगली, तरी यंत्र मुके, कारण मधल्या दुभाष्याला कुणी नवा नमुना शिकवला नाही. नवी चिप बनवायला जसा खर्च येतो तसा जुना ड्रायव्हर सांभाळायलाही येतो, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मग ती मुदत विक्रीच्या वेळीच सांगायला काय हरकत आहे? औषधाच्या पाकिटावर मुदत छापतात. लॅपटॉपच्या खोक्यावर 'ड्रायव्हर अमुक वर्षापर्यंत' असे छापणे अवघड नाही. मुदत छापली की जुने यंत्र विकत घेणारालाही किंमत ठरवता येईल. सेकंडहँड लॅपटॉपवर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही माहिती सवलतीपेक्षा मोलाची आहे.

लिनक्सचा पर्यायही आहे. केरळच्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक चालवून दाखवले आहेत. जुन्या रिअलटेक चिपांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात आणि कंपनीने हात काढला तरी ते राहतात. वेगळ्या ॲम्प्लिफायरच्या काही नव्या लॅपटॉपांत मात्र तिथेही स्पीकर गप्प राहतो. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून चालवून, आवाज आणि माइक तपासूनच निर्णय घ्यावा.

घाई नको, पण तारीख लक्षात हवी

ज्यांचा संगणक विंडोज १० वर नीट चालतो त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना जाहीर केली. घरगुती वापरासाठी तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली गेली. सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडला तर ती फुकट, नाहीतर एक हजार रिवॉर्ड पॉइंट्स किंवा ३० डॉलर. युरोपातल्या ग्राहकांना मात्र बॅकअपची ही अट न घालता फुकट द्यावी लागली. तिथल्या ग्राहक संघटना आवाज उठवून बसल्या होत्या. आपल्याकडे तेवढा आवाज झाला नाही.

या मुदतीचा उपयोग तयारीसाठी करावा. आवाजाचा सध्याचा ड्रायव्हर कंपनीच्या पानावरून उतरवून ठेवावा. महत्त्वाच्या फायली, जुनी रेकॉर्डिंग्ज, मंडळाचे हिशेब बाहेरच्या डिस्कवर घ्यावेत. 'या संगणकाला अपग्रेड अजून तयार नाही' असा संदेश आला तर जबरदस्ती करू नये. त्यामागे डिरॅकसारखे एखादे कारण असू शकते. परीक्षा, गणपतीचे कार्यक्रम किंवा रेकॉर्डिंग तोंडावर असताना अपग्रेड करू नये. आणि केलेच, तर पहिल्या दिवशी आवाज, माइक, कॅमेरा, प्रिंटर असे सगळे एकदा तपासून घ्यावे, म्हणजे परतीचे दहा दिवस हातात राहतात.

नवा किंवा जुना लॅपटॉप घेताना रॅम किती, डिस्क केवढी, हे सगळेच विचारतात. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा : याचे ड्रायव्हर कुठल्या वर्षापर्यंत मिळतील आणि ते बिलावर लिहून देणार का? एकाने विचारले तर दुकानदार हसेल. निपाणीपासून वडोदऱ्यापर्यंत दहा-दहा जणांनी विचारले, तर तो प्रश्न कंपनीपर्यंत पोचवणे त्याला भाग पडेल.